मधला जोड

"माझ्यावाचून काहीही अडणार नाही!" असं छाती पुढे काढून सांगणारा माणूस तुम्ही पाहिलाय? साधारणपणे लोक उलटं सांगतात. "मी आहे म्हणून चाललंय सगळं" हे वाक्य प्रत्येक घरात कुणी ना कुणी रोज म्हणत असतं आणि बाकीचे छताकडे बघत असतात. पण आपल्या सुटेकाकांची तऱ्हाच न्यारी! आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही याचा त्यांना भलताच अभिमान होता. इतका, की डोळ्याचं ऑपरेशन ठरल्याबरोबर त्यांनी सगळ्या वर्कशॉपला चहासाठी गोळा केलं आणि तो अभिमान जाहीर बोलून दाखवला.

सुटेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांचं लोखंडी कामाचं वर्कशॉप होतं. गेट, जिने, खिडक्यांच्या जाळ्या, असली कामं. तिथे कुणीही कसलीही तक्रार घेऊन आलं की काकांचं उत्तर ठरलेलं. "दुरुस्त काय करत बसलाय? सुटा भाग बदला!" ग्राइंडर तापतोय? भाग बदला. बिजागर कुरकुरतंय? भाग बदला. एकदा शेजारचा सुतार, सासऱ्याशी पटत नाही म्हणून रडगाणं गात बसला होता. त्यालाही काका सवयीने "भाग बद..." एवढं म्हणाले आणि मग त्यांनी जीभ चावली. तेव्हापासून सगळी गल्ली त्यांना सुटेकाका म्हणायला लागली, आणि काकांना ते आवडलंही.

तर चहा झाला, आणि काकांनी आपली लाडकी टॉर्च हातात घेतली. लोखंड कापायची आणि जोडायची, गॅसवर चालणारी टॉर्च. पण साधीसुधी नव्हे!

"हे बघा," काका म्हणाले. "दांडा एकच. हे डोकं लावलं की कापा. ते काढलं, हे लावलं, की जोडा. हे तिसरं लावलं की सळई लाल करून हवी तशी वाकवा. पूर्वी अख्खी टॉर्च एकसंध यायची. टोक गेलं की काम बंद, आणि आपण बसलो बोंबलत! आता टोक गेलं तर टोक बदला, झडप गेली तर झडप बदला. काम थांबता कामा नये. माणसांचंही असंच पाहिजे!"

"म्हणजे आमची डोकी बदलणार का, दाजी?" मामाने विचारलं आणि सगळे हसले.

मामा म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ. काकांच्या मुलाचा मामा, म्हणून सगळ्या वर्कशॉपचाच मामा. मिसरूड फुटायच्या वयात तो दाजींकडे कामाला लागला आणि आता त्याच्या मिशा पिकायला आल्या होत्या. त्याचा हात असा स्थिर, की त्याने घातलेला जोड बघून गिऱ्हाईक विचारायचं, "इथे जोडलंय तरी कुठे?" बोलायला मात्र फार हळवा. चहात साखर कमी पडली तरी, आपल्यावर कुणी रागावलंय की काय, असं त्याला वाटायचं.

"डोकी राहू द्या," काका म्हणाले. "पण जागा बदलता आल्या पाहिजेत. मी डोळ्यासाठी घरी बसणार. मी घेतो ती मापं मामा घेईल. गिऱ्हाईक सूनबाई बघेल. शाळेच्या जिन्याचं रेलिंग चालू आहे, ते वेळेवर गेलं पाहिजे. काय?"

"जाईल, बाबा," सूनबाई म्हणाली.

ही काकांची सून. काकांच्या मुलाला ठिणगी दिसली की शिंका यायच्या, म्हणून तो कॉम्प्युटरच्या नोकरीत शिरला. त्याची बायको मात्र बिलं लिहायला म्हणून वर्कशॉपात आली, चार दिवस बघत बसली आणि पाचव्या दिवशी डोळ्यांना काळा चष्मा लावून टॉर्च मागू लागली. कमी बोलायची, पण बोलली की काम झालेलं असायचं.

काकांची शिस्त सगळीकडे होती. प्रत्येक वस्तूला जोडीदार हवाच, एक हरवली तर दुसरी तयार. तीही अशी हवी, की कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाली पाहिजे. अगदी चामड्याचे ॲप्रनसुद्धा एकाच मापाचे, एकाच रंगाचे, दाराजवळच्या खुंट्यांवर ओळीने टांगलेले. त्यांवर नाव घालायला काकांची सक्त मनाई होती. जो हाताला येईल तो घाला आणि कामाला लागा!

"मी नसल्याचं तुम्हाला कळणारसुद्धा नाही," काकांनी समारोप केला. टाळ्या पडल्या. काका खूश होऊन घरी गेले आणि ऑपरेशनही छान झालं.

डॉक्टरांनी पट्टी काढून काळा चष्मा दिला. धूळ नको, वजन नको, वाकणं नको, ठिणग्यांकडे बघणं तर अजिबात नको. रोज थेंब घालायचे आणि आराम करायचा. थोडं चालायला हरकत नाही म्हणाले.

काका आरामखुर्चीत बसले. शेजारी फोन ठेवला. सकाळ गेली. फोन गप्प. दुपार गेली. फोन गप्प. काकांनी तो उलटा करून बघितला, हलवून बघितला.

"अगं," त्यांनी स्वयंपाकघरात हाक मारली, "माझ्या फोनवर एक रिंग दे बरं."

फोन खणखणला. काकांनी झडप घातली. "हॅलो! कोण? काय अडलंय?"

"मीच आहे," काकूंचा आवाज फोनमधून आणि स्वयंपाकघरातून, दोन्हीकडून आला. "तुम्हीच सांगितलंत ना रिंग द्यायला?"

"हो, हो. चालू आहे फोन," काका पुटपुटले. त्यांना खरं म्हणजे फोन बिघडला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच वर्कशॉपला फोन लावला. "काही अडलंय का?"

"नाही हो बाबा. सगळं मजेत चाललंय. तुम्ही आराम करा," सूनबाई म्हणाली. मागे ग्राइंडरचा आवाज येत होता, कुणीतरी मोठ्याने हसत होतं. काकांनी फोन ठेवला. आता बघा, माणसाने जे सांगितलं तेच जगाने ऐकलं, तर त्याने खूश व्हायचं की नाही? काका खूश झाले नाहीत. 

मग त्यांना आठवलं, डॉक्टर चालायला हरकत नाही म्हणालेत. कुठे चालायचं ते थोडंच सांगितलंय!

वर्कशॉपच्या दारात ते पोचले तेव्हा काम जोरात चाललं होतं. "या या, दाजी!" मामा आनंदाने ओरडला. "पण इथे उभे राहू नका, ठिणगी उडेल." काका बाजूला झाले. "काका, जरा सरकता का? पाइप आत घ्यायचाय." काका भिंतीला लागले. "बाबा, तिथे नको, तिथे रंग ओला आहे." काका पुन्हा दाराशी आले. घर बदलताना कपाट हलवतात तसं त्यांना पाच मिनिटांत सगळ्या वर्कशॉपभर हलवून झालं.

आणि काय काय बदललं होतं! त्यांच्या खुर्चीवर स्क्रूचे खोके रचले होते. त्यांच्या चहाच्या मगात ब्रश उभे होते. टॉर्चची डोकी पूर्वी एका पेटीत कोंबलेली असायची, ती सूनबाईने लाकडी फळीला भोकं पाडून ओळीने लावून ठेवली होती. हात लांब केला की हवं ते डोकं मिळत होतं. इतकं साधं आणि इतकं सोयीचं, की हे आपल्याला का नाही सुचलं, या विचाराने काकांना जास्तच वाईट वाटलं.

शाळेचं रेलिंग अर्ध्याच्या वर झालं होतं. मामाने टॉर्च सुटी करून टेबलावर ठेवली आणि तो सूनबाईबरोबर पलीकडे माप बघायला गेला. टेबलावर एकीकडे दांडा, एकीकडे डोकं, आणि त्यांच्यामध्ये पितळेचा तो छोटा जोड. अंगठ्याएवढा असेल. त्याच्या एका अंगाला दांडा बसायचा, दुसऱ्या अंगाला डोकं. सगळे त्याला नुसतं "मधला" म्हणायचे. डोकी किती का असेनात, दांडा कितीही भारी असू दे, मधला नसेल तर टॉर्च म्हणजे नुसती नळीला बांधलेली काठी!

काकांनी इकडे तिकडे बघितलं. कुणाचंही लक्ष नव्हतं. खरं म्हणजे आल्यापासूनच कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांनी मधला उचलला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

आता हे चोरी करणं नव्हे, असं त्यांनी रस्ताभर स्वतःला समजावलं. स्वतःच्याच वर्कशॉपमधली स्वतःचीच वस्तू! शिवाय बेत किती साधा. मधला सापडणार नाही. काम थांबेल. फोन येईल. मग आपण सावकाश जायचं, चष्मा नीट करायचा, "बघू बरं" म्हणायचं आणि टेबलाखालून तो काढून दाखवायचा. सगळे म्हणतील, "काका नसते तर!" बस्स, एवढंच. एकदा हे वाक्य कानावर पडलं की महिनाभर आराम करायला ते मोकळे!

फोन आला नाही.

संध्याकाळी सूनबाई घरी आली तेव्हा काकांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज काही अडचण?"

"तशी काही नाही. एक मधला कुठे गेला कळेना. पण तुम्ही खणात दुसरा ठेवला होता ना, तो लावला. पाच मिनिटंसुद्धा गेली नाहीत. बाबा, तुमची पद्धत मात्र झकास हं!"

कौतुक ऐकून काकांचा चेहरा कारलं खाल्ल्यासारखा झाला. आपणच खणून ठेवलेल्या खड्ड्यात आपण पडतोय, हे त्यांना कळत होतं. पण माणूस एकदा हट्टाला पेटला की थांबतो थोडाच! दुसऱ्या दिवशी ते पुन्हा चालायला गेले. मामा टॉर्च सुटी करून पाणी प्यायला वळला, आणि दुसराही मधला काकांच्या खिशात आला.

आता बघू! आता खणात काही नाही. आता फोन येणारच.

फोन खरंच आला! काका आनंदाने उठता उठता खुर्चीवरून घसरलेच. "बोला, काय अडलंय?"

"दाजी," पलीकडे मामाचा आवाज होता, अगदी खोल गेलेला, "मी उद्या रेलिंग पुरं करतो आणि परवापासून येत नाही."

"का? काय झालं? काम थांबलं का?"

"काम कुठलं थांबतंय! मधला कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. सूनबाईने माणूस पाठवला, चहा व्हायच्या आत नवा आला. पण दाजी, दोन्ही वेळा तो माझ्याच टेबलावरून गेला. आणि आज तिने बारीकसारीक वस्तू ठेवायला कुलपाची पेटी आणली. किल्ली स्वतःच्या कमरेला लावली."

"अरे, मग तिने तुला काही म्हटलं का?"

"काही नाही म्हटलं. एक शब्दसुद्धा विचारला नाही. तेच लागलं मला, दाजी. शिव्या दिल्या असत्या तर भांडता आलं असतं. इतकी वर्षं मी या वर्कशॉपात काढली. घरून निघताना बायकोला सांगतो, आपल्या वर्कशॉपात जातो. आपल्या म्हणतो! आता कुलूप बघितलं की तसं म्हणवत नाही. उद्याचा दिवस काढतो कसाबसा."

फोन ठेवल्यावर काकांनी चष्म्याच्या घरातून दोन्ही मधले काढून बघितले. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते जागच्या जागीच राहिलं. वर्कशॉप पाच मिनिटंही थांबलं नाही. त्यात मधल्या मधे चिरडला गेला तो बिचारा मामा! सुटा भाग बदला म्हणणं किती सोपं. पण मामा गेला तर त्याच्या जागी कोण? कुणीतरी येईलच, काम चालेलच, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना काम चालण्याचा राग आला.

रात्रभर कूस बदलत त्यांनी नवा बेत आखला. मधले परत ठेवायचे. पण नुसते टेबलावर ठेवून भागणार नाही. मामानेच आणून ठेवले असं वाटेल. जमिनीवर टाकले तर कुणीतरी म्हणेल, काल झाडलं तेव्हा नव्हते. मग? एकदम सुचलं! सूनबाईच्या ॲप्रनच्या खिशात टाकायचे. ती स्वतःच हात घालेल, स्वतःच काढेल, आणि "अगंबाई, हे तर माझ्याच खिशात होते!" म्हणून कपाळावर हात मारेल. मामाची माफी मागेल. कुलूप जाईल. किती नामी युक्ती! आपल्या डोक्याचं काकांना पुन्हा एकदा कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीच्या बेताला ते पोचले. डोळ्यांत नुकतेच थेंब घातले होते, त्यामुळे सगळं जग पाण्याखालून दिसत होतं. पण सूनबाईला त्यांनी नीट बघितलं. तिने ॲप्रन काढला, दाराजवळच्या पहिल्या खुंटीला अडकवला, आणि सगळेजण आपापले डबे घेऊन मागच्या खोलीत गेले. काका पुढे झाले. पहिली खुंटी, पहिला ॲप्रन, उजवा खिसा. दोन्ही मधले आत! आणि मग गंमत बघायला ते उभ्या करून ठेवलेल्या पत्र्यांच्या मागे जाऊन उभे राहिले.

जेवणं आटोपली. सगळ्यांत आधी बाहेर आला मामा. रेलिंग पुरं करायची घाई होती ना त्याला! तो दाराशी आला, आणि वर्कशॉपच्या शिस्तीप्रमाणे हाताला आला तो पहिला ॲप्रन त्याने गळ्यात घातला.

पत्र्यामागे काकांनीच कपाळावर हात मारून घेतला. नावं घालायची नाहीत असा हुकूम त्यांचाच! ॲप्रन कुणाचाच नव्हता, पण खिसा आता मामाचा होता.

"मामा, तो ॲप्रन..." असं ओरडावं असं त्यांना वाटलं. पण ओरडून सांगणार काय? तोवर बाकीचे आलेच. मामा रेलिंगपाशी उभा राहिला, खूण करायला खडू हवा म्हणून त्याने खिशात हात घातला, आणि त्याचा हात तिथेच थबकला. मग सावकाश बाहेर आला. तळहातावर दोन पितळी मधले चमकत होते.

कॉम्प्रेसर बंद करावा तशी शांतता झाली.

"असू दे, मामा," अखेर सूनबाई म्हणाली, अगदी मऊ आवाजात. "सापडले ना? झालं तर."

"मी ठेवले नव्हते," मामा म्हणाला.

"मी कुठे म्हटलं तुम्ही ठेवलेत म्हणून?"

"तेच! तू काहीच म्हणत नाहीस!" मामाचा आवाज फुटला. "म्हण ना काहीतरी! चोर म्हण!"

"अहो मामा, चुकून राहतात खिशात. माणूस आहे, होतं असं."

क्षमा केली तिने त्याला! जे त्याने केलंच नव्हतं त्याची, चारचौघांत. मामाने मधले टेबलावर ठेवले आणि ॲप्रनची गाठ सोडायला हात मागे नेले. न दिसणारा जोड घालणारे ते हात! गाठ सुटेना.

काकांना ते बघवेना. ते पत्र्यामागून निघाले, अर्थात बघून नव्हे. दोन पत्रे धडाधड आडवे झाले, रंगाचा डबा लोळला, आणि त्या गडगडाटातून काका प्रकटले.

"मी घेतले होते!"

सगळे दचकले. "बाबा! तुम्ही इथे काय करताय?"

"मधले मी घेतले होते. दोन्ही. मीच आत्ता त्या खिशात टाकले. मामाचा काही संबंध नाही!"

आता तुम्हाला वाटेल, झालं, उलगडा झाला. छे! मामाने काकांकडे बघितलं, त्याचे डोळे भरून आले, आणि त्याने दाजींना कडकडून मिठी मारली.

"दाजी, दाजी! माझी अब्रू वाचवायला तुम्ही स्वतःवर आळ घेताय?"

"अरे, आळ नाही! खरंच घेतले मी!"

"बघा, अजून तेच म्हणताहेत," एक कारागीर गहिवरून म्हणाला.

"बाबा, तुमचं मन मोठं आहे," सूनबाई म्हणाली. "पण खोटं नका बोलू. तुम्ही कशाला काम अडवाल? काम थांबता कामा नये म्हणून तर तुम्ही जन्मभर घसा कोरडा केलात."

"परवा शर्टाच्या खिशात टाकून नेला! चष्म्याच्या घरात ठेवला होता!"

"तपशीलसुद्धा किती लगेच सुचतात देवमाणसाला," मामा डोळे पुसत म्हणाला आणि पुन्हा गाठीकडे वळला. "नको दाजी. तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत, पण कलंक लागला तो लागलाच. मी जातो."

काका जितकं खरं सांगत होते, तितके ते आणखी थोर ठरत होते! आणि मामा जितका भारावत होता, तितका दाराकडे सरकत होता. त्या ओलसर, अंधुक डोळ्यांनी काका सगळ्यांकडे बघत राहिले. कशावर विश्वास बसेल यांचा? कृती सांगितली, जागा सांगितली, वेळ सांगितली. एकच गोष्ट सांगायची राहिली होती, आणि ती सांगण्यापेक्षा पुन्हा डोळा कापून घेणं परवडलं असतं.

"का घेतले ते विचारा ना मला," काका म्हणाले.

"का?" सूनबाईने विचारलं.

"तुम्ही फोन करावा म्हणून."

कुणाला काही कळलं नाही.

"दिवसभर फोन जवळ घेऊन बसायचो," काका खाली बघत म्हणाले. "एकदासुद्धा वाजला नाही. हिला रिंग द्यायला लावून तपासला. मला वाटलं होतं, निदान एकदा तरी कुणाला काही विचारावंसं वाटेल. माप कसं घेऊ, ते गिऱ्हाईक कसलं आहे, काहीतरी. मी मोठ्या तोंडाने सांगून गेलो, मी नसल्याचं तुम्हाला कळणारसुद्धा नाही. आणि खरंच नाही रे कळलं तुम्हाला! मला फार वाईट वाटलं. म्हटलं, मधला नेला तर तरी बोलवतील."

या वेळी कुणी त्यांना देवमाणूस म्हटलं नाही. असं काही कुणी मनाने रचून सांगत नाही, हे सगळ्यांना समजलं. मामाचे हात गाठीवरून खाली आले. सूनबाईने कमरेची किल्ली काढली, थोडा वेळ हातात धरली आणि मामाच्या टेबलावर ठेवली.

"मामा, मी विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "विचारलं तर तुम्हाला लागेल, म्हणून गप्प बसले."

"गप्प बसू नकोस गं पोरी. मला शिव्या देत जा," मामा म्हणाला आणि मग दाजींकडे वळला. "आणि तुम्ही! या वयात हे धंदे? बायकोला मी सांगून आलोय, नोकरी सोडतो म्हणून! आता घरी काय सांगू?"

"सांग, दाजी वेडे आहेत."

"ते तिला माहीत आहे," मामा म्हणाला. मग जरा घुटमळला. "खोटं कशाला बोलू दाजी, काम नाही अडलं. पण चहाच्या वेळी कुणी आरडाओरडा करत नाही. सगळे मुकाट्याने पितात. तो चहा चहासारखा लागत नाही."

काकांना एवढं पुरलं. मामाने सुटत आलेली गाठ पुन्हा घट्ट आवळली, टॉर्चला डोकं लावलं आणि तो रेलिंगकडे वळला. "आता सरका, ठिणगी उडेल," असं सांगायलाही तो विसरला नाही. काका सरकले.

घरी आल्यावर त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. काकू धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. पहिल्यांदा त्या कडाडल्या. "माझ्या भावाला चोर ठरवायला निघाला होतात! लाज नाही वाटली?" काकांनी निमूटपणे ऐकून घेतलं. मग राग ओसरला आणि त्या पुन्हा घड्या घालायला लागल्या.

"मी आईच्या आजारपणात तिच्याकडे राहायला गेले होते, आठवतं?" मध्येच त्यांनी विचारलं.

"आठवतं की! रोज फोन करायचो मी तुला."

"काय सांगायचात फोनवर?"

"हेच, की इकडची काळजी करू नकोस. काही अडत नाही. तू निवांत राहा," काका म्हणाले. एवढ्या दिवसांनीही त्यांना ते सांगताना बरं वाटलं. याहून मायेचं बोलणं त्यांना तेव्हा माहीतच नव्हतं.

"रोज सांगायचात," काकू म्हणाल्या. "आणि मी रोज फोन ठेवून मोरीत जाऊन रडायची."

ज्या खुर्चीत बसून काकांनी न वाजणारा फोन सांभाळला होता, ती आता त्यांना टोचायला लागली.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? जाताना कुकरची शिट्टी पिशवीत घालून नेली होती मी."

"शिट्टी? कशाला?"

"म्हटलं, निदान 'शिट्टी कुठे ठेवलीस' एवढं तरी विचाराल!"

"मग?" काकांनी घाबरत घाबरत विचारलं. "विचारलं नाही मी?"

"विचारताय कसले!" काकूंनी शेवटची घडी घालून कपड्यांचा गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला. "त्याच संध्याकाळी नवा कुकर आणलात. आणि वर मला फोन करून सांगितलंत, जुन्यापेक्षा हा लवकर शिजवतो म्हणून!"